नव्या लॅपटॉपची बिजागरी आणि मागची तारीख



मागच्या वेळी लोणच्याच्या मर्यादेवर लिहिलं होतं, आज जरा वेगळा विषय. लेकीच्या सीएच्या अभ्यासासाठी सोलापूरच्या एका दुकानातून नवा लॅपटॉप घेतला. नवव्या दिवशी तिची हाक आली, "आई, स्क्रीन आपोआप मागे पडतेय." बघते तर खरंच. सरळ उभी केली की हळूहळू मागे कलायची, उघडताना 'कट्' आवाज यायचा आणि उजव्या कोपऱ्यात नख जाईल एवढी फट पडली होती. लॅपटॉप पडला नव्हता, कोणी त्यावर बसलं नव्हतं. परीक्षेला राहिले होते सात आठवडे.

धाकटे दीर लगेच स्क्रू ड्रायव्हर घेऊन आले. त्यांना हात लावू दिला नाही. वॉरंटीतली वस्तू घरी खोलली की कंपनीला नाही म्हणायला आयतं कारण मिळतं. शिवाय हे काम दाराच्या बिजागरीसारखं नसतं. दाराची बिजागरी नुसती फिरते. लॅपटॉपच्या बिजागरीला फिरायचंही असतं आणि हव्या त्या जागी स्क्रीन धरूनही ठेवायची असते. म्हणून तिच्यात धातूच्या चकत्या घट्ट दाबून बसवतात, त्यांच्या घर्षणावर स्क्रीन थांबते. ही बिजागरी ज्या स्क्रूंनी पक्की केलेली असते, ते बऱ्याच लॅपटॉपमध्ये प्लास्टिकमध्ये रुतवलेल्या छोट्या पितळी नळ्यांत बसतात. बिजागरी जास्त घट्ट असली किंवा प्लास्टिक कच्चं असलं, की उघड-मीट करताना ती नळीच उपटून येते. म्हणजे वरून दिसतं सैल, पण मूळ दुखणं घट्टपणाचंही असू शकतं. अशा वेळी स्क्रू आवळून काय होणार? आणि स्क्रीनची वायर बिजागरीजवळूनच जाते, त्यामुळे तसंच वापरत राहिलं तर ती तुटून स्क्रीनच काळी पडण्याची भीती.

म्हणून आधी उघड-मीट बंद केली. फट आणि हलणारी स्क्रीन यांचा व्हिडिओ काढला, चारही कोपऱ्यांचे फोटो काढले (कुठे पोचा नाही, ओरखडा नाही हे दिसावं म्हणून), बिल शोधलं आणि लेकीने तिच्या फायली पेनड्राइव्हवर उतरवल्या. मग दुकानात फोन केला.

दुकानातला मुलगा चांगला होता हो, खरंच मदत करायची म्हणून बोलला. "काकू, सात दिवसांत तक्रार आली तर कंपनी नवा पीस देते. आज नववा दिवस. मी तक्रार सहाव्या दिवशी आली असं लिहितो, तुम्ही फक्त अर्जावर तीच तारीख टाकून सही करा."

लेकीचा चेहरा उजळला. मी गप्प झाले. आपण दशलक्षणात रोज तत्त्वार्थसूत्राचा एक अध्याय वाचतो. सातव्यात सत्याणुव्रताचे अतिचार येतात, त्यात कूटलेखक्रिया आहे. खोटा लेख, खोटा कागद. दरवर्षी ते ऐकताना मला जुन्या सावकाराच्या चोपड्या डोळ्यांसमोर यायच्या. आपल्या स्वयंपाकघरात, आपल्याच पेनाने, असं कधी वाटलं नव्हतं.

लेक म्हणाली, "आई, लॅपटॉप खराबच आलाय. आपण कोणाला फसवतोय? फक्त तीन दिवसांचा फरक." तिचं बोलणं सहज उडवून लावण्यासारखं नव्हतं. दोष कंपनीचा, पैसे आमचे, परीक्षा तिची. मला पटकन उत्तर सुचलं नाही. सासूबाई जपमाळ बाजूला ठेवून म्हणाल्या, "भांडायचं तर खऱ्या तारखेवर भांड. खोट्या तारखेवर भांडायला तोंड राहत नाही."

अर्जावर नववा दिवसच लिहिला. नवा पीस मिळाला नाही. लेक चार दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलली.

मग एसटीने सोलापूर, सर्व्हिस सेंटर. तिथे पहिलंच वाक्य, "हे फिजिकल डॅमेज आहे, वॉरंटीत बसत नाही, पैसे पडतील." आवाज चढवायची फार इच्छा झाली. भाषा समिती मुनींची खरी, पण काउंटरपुढे आपल्यालाही उपयोगी पडते. मी फोटो पुढे ठेवले आणि शांतपणे म्हटलं, "मार कुठे लागलाय ते दाखवा, आणि वॉरंटी नाकारताय ते कारणासकट जॉबशीटवर लिहून द्या. पुढे तक्रार करायला मला कागद लागेल." लिहून द्यायला कोणी तयार होईना. आतून दुसरे साहेब आले, त्यांनी बिलाची तारीख आणि व्हिडिओ पाहिला आणि वॉरंटीत दुरुस्तीला घेतला. परतीला मोहोळच्या स्टँडवर सूर्यास्ताच्या आत घाईघाईने डबा उघडला. थंडीचे दिवस, सहाच्या सुमारास अंधारतं.

नसता घेतला तर काय करायचं, तेही विचारून ठेवलं होतं. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915. तिथे भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. 2019 च्या कायद्याप्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, म्हणजे टेंभुर्णीच्या बाईला पुण्या-मुंबईला जायला नको. 5 लाखांपर्यंतच्या वस्तूला फी नाही. मुदत 2 वर्षांची. वकील लावलाच पाहिजे असंही नाही.

लॅपटॉप परत यायला 19 दिवस लागले. तेवढे दिवस लेकीने मोबाइलवर क्लास ऐकले, गणितं कागदावर सोडवली, संध्याकाळी चुलतभावाच्या कॉम्प्युटरवर बसली. हाल झाले, खोटं कशाला सांगू.

आता बिजागरी पक्की आहे. कोपऱ्याला धरून झाकण उचललं की सगळा जोर एकाच बाजूला येतो, म्हणून मधोमध धरून सावकाश उघडायचं असा नियम केलाय. स्क्रीनला धरून लॅपटॉप उचलायचा नाही, मिटताना आत पेन राहिलं नाही ना ते बघायचं. सासूबाई म्हणतात ही तुमची आदान-निक्षेपण समिती. मुनिमहाराज पिंछीने जागा बघून कमंडलू ठेवतात, आमची लेक चष्मा लावून लॅपटॉप ठेवते. हे ऐकून ती हसली, महिन्याभरात पहिल्यांदा.

तारखेचं मात्र तिला अजून पटलेलं नाही. "तुझं व्रत, माझे 19 दिवस," म्हणते. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. तुमच्याकडे असलं तर कळवा, मी तिला वाचून दाखवीन.