उसनी आणलेली शांतता

शेजाऱ्याकडून पीठ, मीठ, विरजण उसने आणण्याची चाल आपल्या खेड्यांत जुनी आहे. परंतु कधीकधी शेजाऱ्याकडून शांतताही उसनी मागावी लागते, आणि ती मागणे पीठ मागण्याहून पुष्कळच कठीण असते, हे आम्हांस गेल्या हिवाळ्यात लोधीखेड्यास कळले. वाचकहो, तीच हकीकत आज सांगावयाची आहे.

लोधीखेडा हे गाव मध्य प्रदेशात, सौंसर तालुक्यात, नागपूरहून छिंदवाड्यास जाणाऱ्या वाटेवर आहे. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा नागपूर एकीकडे गेले व हा मुलूख दुसरीकडे राहिला. पुढे २०२३ साली छिंदवाडा जिल्ह्यातून पांढुर्णा व सौंसर हे दोन तालुके काढून पांढुर्णा जिल्हा झाला. सीमा अशा हलल्या, तरी घराघरांतील बोली मात्र मराठीच राहिली. संत्र्यांच्या बागा, कपाशीची शेते आणि गोड हेल काढून बोलणारी माणसे असा हा प्रदेश आहे. तेथील एका वृद्ध शेतकऱ्याच्या घरी आमचे जाणेयेणे आहे. गावात सर्व त्यांना बाबाजी म्हणतात. आम्हीही तसेच म्हणतो.

आम्ही चार दिवसांच्या मुक्कामास गेलो, तेव्हा बाबाजींच्या बागेत एक लहानसा चित्रपट काढणारी सहासात तरुणांची मंडळी उतरली होती. कथा अगदी साधी होती. एक म्हातारा शेतकरी दुसऱ्या दिवशी आपला बैल विकणार आहे, आणि आदल्या संध्याकाळी तो बैलाशी दोन शब्द बोलतो, एवढेच. म्हातारा म्हणून त्यांनी बाबाजींनाच उभे केले होते. संवाद पाठ करण्याची गरज नव्हती. असे बोलणे बाबाजींनी उभ्या आयुष्यात अनेक बैलांशी केलेले होते.

कॅमेऱ्याभोवती पोरांची गर्दी होती. आमचे लक्ष मात्र आवाज घेणाऱ्या तरुणाकडे गेले. त्याच्या खांद्यास एक पेटी, कानांवर जाड हेडफोन आणि हातांत लांब दांडी होती. दांडीच्या टोकास माईक असून वाऱ्याचा फरफराट लागू नये म्हणून त्यावर राखी केसांचे आवरण घातले होते. पोरे म्हणाली, "फादर, त्यानं दांड्याले मुंगूस बांधलं!" त्याने हसून आम्हांस जवळ बोलाविले व हेडफोन आमच्या कानांवर चढविला.

वाचकहो, त्या क्षणापर्यंत आम्ही त्या बागेस शांत समजत होतो. आता कानांत काय काय आले म्हणून सांगावे? पिठाच्या गिरणीची धडधड, मोठ्या रस्त्यावरील ट्रकांची घरघर, पोपटांचा कलकलाट, बैलाच्या गळ्यातील घुंगरांची किणकिण, आणि या सर्वांच्या तळाशी एक अखंड, जाड गुणगुण. हे सारे ऐकत असता मध्येच एक चमत्कारिक खणखण ऐकू आली. ती कशाची म्हणून आम्ही विचारले, तेव्हा तो तरुण संकोचून म्हणाला, "फादर, त्या आपल्या खिशातल्या किल्ल्या आहेत." आम्ही किल्ल्या काढून रुमालात गुंडाळून ठेवल्या.

तो म्हणाला, "माणसाचा कान हवे ते निवडतो व नको ते सोडतो, म्हणून आपणांस गोंगाट जाणवत नाही. माईक मात्र काहीच सोडत नाही. तो एका दिशेचे अधिक ऐकतो इतकेच. म्हणून त्यास बोलणाऱ्याच्या तोंडाजवळ, परंतु चित्राच्या चौकटीबाहेर धरावे लागते. एक वीत अंतर वाढले तरी माणूस दूर जातो आणि गाव जवळ येते."

पाटीवरील फळी आपटण्याचा अर्थही त्याने सांगितला. आम्हांस ती सर्वांना सावध करण्याची रीत वाटत असे. वस्तुतः चित्र एका यंत्रात जाते व आवाज दुसऱ्यात. सेकंदास चोवीस चित्रे निघतात. त्यांपैकी ज्या चित्रात फळ्या मिटलेल्या दिसतात, त्याशी तो 'टक' आवाज जुळविला की ओठ आणि शब्द बरोबर चालतात.

संध्याकाळी ओसरीवर बसलो असता या विद्येचा इतिहासही निघाला. भारताचा पहिला बोलपट 'आलम आरा' १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रगृहात लागला. स्टुडिओजवळूनच आगगाडी जात असे व भिंती आवाज अडविणाऱ्या नव्हत्या. म्हणून त्याचे पुष्कळसे चित्रण रात्री, गाड्या थांबल्यावर करावे लागले. माईक नटांच्या आसपास लपवून ठेवीत. पुढच्याच वर्षी, १९३२ साली, कोल्हापूरच्या प्रभात कंपनीने 'अयोध्येचा राजा' हा मराठी बोलपट काढला. प्रभातचे एक संस्थापक विष्णुपंत दामले हे त्या कंपनीच्या ध्वनिमुद्रणाचा भार वाहत. पुढे फत्तेलाल यांच्यासह ज्यांनी 'संत तुकाराम' दिग्दर्शित केला, ते हेच दामले. प्रभात १९३३ साली पुण्यास गेली. तिच्या त्याच आवारात आज फिल्म इन्स्टिट्यूट आहे, व तेथे ध्वनिमुद्रणाचे शिक्षण मिळते.

१९५१ साली स्वित्झर्लंडमध्ये स्टेफान कुडेल्स्की या पोलंडात जन्मलेल्या इंजिनियराने खांद्यास लावून नेता येईल असे ध्वनिमुद्रणयंत्र केले. त्याचे नाव 'नाग्रा'. आपणांस ते नगाऱ्यासारखे वाटते. परंतु पोलिश भाषेत त्याचा अर्थ 'हे मुद्रित करील' असा आहे. जगभर उघड्या माळावरचा आवाज पकडणे त्यामुळे सोपे झाले. आपल्याकडे मात्र निराळेच घडले. हलके, हाती घेऊन फिरता येणारे कॅमेरे आले, पण ते स्वतःच शिवणयंत्रासारखे खडखडत. तेव्हा जागेवरचा आवाज टाकून द्यावा आणि नटांनी मागाहून स्टुडिओत पडद्याकडे पाहून तेच संवाद पुन्हा म्हणावेत, ही रीत हिंदी चित्रपटांत रूढ झाली. २००१ साली आलेल्या 'लगान'ने कच्छमध्ये, भुजजवळच्या माळावर, जागेवरचाच आवाज घेण्याचा आग्रह धरला. तेथून मोठ्या हिंदी चित्रपटांत ती जुनी रीत पुन्हा रुजू लागली. २००९ साली 'स्लमडॉग मिल्यनेअर'च्या ध्वनीसाठी रसूल पूकुट्टी यांना दोन सहकाऱ्यांसह ऑस्कर मिळाले. तेही पुण्याच्या त्याच संस्थेचे विद्यार्थी.

"परंतु मागाहून स्टुडिओत म्हणण्यात नुकसान काय?" असे आम्ही विचारले. तो म्हणाला, "नट तेच शब्द पुन्हा म्हणू शकतो. पण बाबाजी बैलाच्या पाठीवर हात ठेवून जसे बोलतात, तसे ते बंद खोलीत भिंतीसमोर कसे बोलतील? मग शहरातील कोणा नटाचा आवाज त्यांच्या तोंडी घालावा लागेल." हे ऐकून बाबाजी ओसरीच्या कोपऱ्यातून म्हणाले, "म्हंजे तोंड माहं अन् बोलनं दुसऱ्याचं?" कोणी उत्तर दिले नाही.

दुसऱ्या दिवशी अडचण उभी राहिली. गिरणीवाल्याने अर्धा तास गिरणी बंद ठेवण्याचे आनंदाने कबूल केले. ट्रक थांबविणे कोणाच्या हाती नव्हते. दोन ट्रकांमधील अवकाश साधावयाचा होता. राहिली ती तळाची जाड गुणगुण. ती होती शेजारच्या शेतातील विहिरीवरच्या पंपाची. गुणगुण आवाजातून खरवडून काढू पाहिले तर माणसाचा शब्दही सोलून निघतो. आणि तशीच राहू दिली तर निरनिराळ्या वेळी घेतलेले तुकडे जोडताना प्रत्येक सांध्यावर ती ठेच खाते. पंप थांबविणे आवश्यकच होते.

आणि तो पंप ज्यांचा होता, त्या शेजाऱ्यांशी बाबाजींचे तीन वर्षे बोलणे नव्हते. कारण नेहमीचेच होते: धुरा. कोणी म्हणे इकडचा नांगर हातभर सरकला, कोणी म्हणे तिकडचा. मोजणी झाली, पटवारी येऊन गेला, मन मात्र मोजता आले नाही. आम्हीही त्या तीन वर्षांत दोन्ही घरी जाऊन क्षमेविषयी, शेजारधर्माविषयी बरेच बोललो होतो. दोन्हीकडे चहा मिळाला. फळ काही मिळाले नाही.

चित्रपटाच्या मंडळींनी प्रथम एका पोराबरोबर शेजाऱ्यांना थोडे पैसे देऊ केले. मागणी लहान नव्हती, हेही सांगितले पाहिजे. शेतीची वीज ठराविक तासच येते. त्यातला अर्धा तास गेला म्हणजे गव्हाच्या तेवढ्या सऱ्या कोरड्या राहतात. निरोप परत आला: "पैशाचं काय करू? ज्याले पाहिजे त्यानं येऊन सांगावं."

बाबाजी आमच्याकडे वळून म्हणाले, "फादर, तीन वर्सं मी त्याच्याशी बोललो नाही. आता तोंड उघडून काय सांगू, तर तुहा आवाज बंद कर म्हनून?" आमच्यापाशी उत्तर नव्हते. उपदेश ओठांवर आला होता, तो आम्ही गिळला. बाबाजी बैलाजवळ जाऊन बराच वेळ बसले. मग उठले व धुऱ्याकडे चालू लागले. आम्ही बरोबर निघालो, तर हातानेच त्यांनी आम्हांस थांबविले.

दोन म्हातारे धुऱ्याच्या दोन बाजूंना उभे राहिलेले आम्ही लांबून पाहत होतो. शब्द ऐकू येत नव्हते. परंतु त्या माईकचे तोंड तिकडे वळविले असते तर कदाचित आले असते. त्या तरुणाने मात्र दांडी खाली केली, माईक जमिनीकडे वळविला आणि कानांवरचा हेडफोन उतरवून गळ्यात घेतला. ऐकू येते म्हणून ऐकावेच असे नाही, ही गोष्ट एका ऐकण्याचाच व्यवसाय करणाऱ्याकडून आम्ही शिकलो. कबुलीजबाब ऐकणाऱ्या आम्हांस ती पूर्वीच ठाऊक असावयास हवी होती. पण खरे सांगावयाचे तर आमचे कान त्या वेळी धुऱ्याकडेच लागले होते.

पंप थांबला. वाचकहो, किती मोठा आवाज इतके दिवस आपण ऐकत होतो, हे तो थांबल्यावरच कळते. पाने हलत होती ती ऐकू आली. बैलाचा श्वास ऐकू आला. फळी आपटली. बाबाजी बैलाशी बोलले, दोन वेळा बोलले, आणि दुसऱ्या वेळी त्यांचा आवाज जेथे अडखळला तेथे कोणी त्यांना सांभाळून घेतले नाही. तो अडखळणेच त्या मंडळींस हवे होते.

मग त्या तरुणाने सर्वांस जागच्या जागी एक मिनिट निश्चल उभे राहावयास सांगितले. प्रत्येक जागेची शांतता निराळी असते, तीही मुद्रित करून न्यावी लागते. दोन शब्दांमधील जागा पुढे तिनेच भरतात. नुसते कोरे ठेवले तर प्रेक्षकास चित्रपट बंद पडल्यासारखे वाटते. आम्ही सारे उभे राहिलो. पोरेसुद्धा पुतळ्यांसारखी झाली.

मिनिट संपत आले असेल, तोच धुऱ्यापलीकडून हाक आली, "झालं का गा तुमचं?"

मंडळींपैकी एकाने कपाळास हात लावला, कारण ते मिनिट वाया गेले होते. बाबाजी मात्र वळले आणि तितक्याच मोठ्याने म्हणाले, "झालं! सोड पानी!" क्षणभराने पंप पुन्हा सुरू झाला, आणि ती जाड गुणगुण त्या दिवशी प्रथमच आम्हांस गोड वाटली.

आम्ही त्या तरुणास विनंती केली की ते बिघडलेले मिनिट पुसू नये. तो म्हणाला, "पुसणार नाही, फादर. चित्रपटात त्याचा उपयोग नाही, पण माझ्यापाशी राहील." शांततेचे मिनिट त्याने रात्री वीज गेल्यावर पुन्हा घेतले.

धुऱ्याचा वाद मिटला असे आम्ही लिहीत नाही. तो अद्याप कागदोपत्री आहेच. परंतु परवा बाबाजींच्या घरून निरोप आला, त्यात असे होते की यंदा दोन्ही शेतांस पाणी देण्याची पाळी त्यांनी आपसांत बोलून ठरविली आहे. आम्ही तीन वर्षे बोलून जे साधले नाही, ते अर्धा तास गप्प राहण्याच्या मागणीने इतपत साधले. दुसऱ्याच्या दारी जाऊन काही मागण्यात माणूस लहान होतो असे आपणांस वाटते. परंतु ज्याच्याकडे मागावयास जावे, त्यास आपण मोठेपण देत असतो, आणि ते मिळाले की पुष्कळ माणसे आपण मागितल्याहून अधिकच देतात.

त्या किल्ल्या मात्र आम्ही अजून रुमालातच बांधून ठेवतो.