पाठीवरचं ओझं

लांबची डोंगरवाट चालायची तर सरावही डोंगरातच करावा लागतो, असा एक समज आहे. दर शनिवार-रविवार ज्यांना घराबाहेर पडता येतं, त्यांच्यासाठी तो ठीकच आहे. माझं घर पुण्यात, गुलटेकडीला. दिवसभर शाळा, आणि घरी ब्याऐंशी वर्षांचे अब्बा. त्यांना दोन तासांपेक्षा जास्त वेळ एकटं ठेवता येत नाही. त्यामुळे शाळेतल्या मैत्रिणींबरोबर राजगड-तोरणा-रायगड ही वाट पाठीवर बिऱ्हाड घेऊन चार दिवसांत चालायची ठरली, तेव्हा सरावाची जागा मला घराजवळच शोधावी लागली.

ती सापडली पर्वतीवर. १०३ पायऱ्या, रुंद आणि उतरत्या. ऑगस्टपासून फजरनंतर रोज तिथं जाऊ लागले. पहिले दोन आठवडे सॅक रिकामी, फक्त चढ-उतार. मग पाण्याच्या बाटल्या. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन, हिशेब सोपा. आठवड्याला एक किलोच वाढवायचा हे ठरवून टाकलं होतं. चालू लागलं की दम लवकर सुधारतो, स्नायूही महिन्या-दोन महिन्यांत तयार होतात. पण सांध्यांना धरून ठेवणारे स्नायुबंध सावकाश बळकट होतात. पायांत जोर आला म्हणून वजन भराभर वाढवावं, तर गुडघे बोलू लागतात. पुढे मी पर्वतीच्या मागं तळजाईच्या वनात जायला लागले. वर पोचले की पाणी तिथल्या रोपांना घालायचं आणि हलकं होऊन उतरायचं.

सलवार-कमीज, डोक्यावर ओढणी आणि पाठीवर ही भलीमोठी सॅक. बघणारे बघायचेच. मोहल्ल्यातल्या एका खालांनी तर काळजीनं विचारलं, "बेटी, घर में कुछ झगडा हुआ क्या?" त्यांना सगळं सांगितलं. ऐकून त्या म्हणाल्या, "चार दिन चलने के लिए चार महिने चलना?" सरावाची याहून नेमकी व्याख्या मी पुढे कुठं ऐकली नाही.

खरा उस्ताद मात्र घरातच होता. अब्बांनी सगळी हयात हमाली केली. आधी भवानी पेठेतल्या भुसार बाजारात, आणि बाजार इकडे आल्यावर मार्केट यार्डात. त्यांच्या तरुणपणी धान्याचं पोतं शंभर किलोचं असायचं. पन्नासचं ते फार नंतर झालं. एका सकाळी मी सॅक हातांनी उचलून खांद्यावर घेत होते. पलंगावरून ते म्हणाले, "बोझा उठाने का नै बेटा. बोझे के नीचे जाने का."

सॅक त्यांनी खुर्चीवर ठेवायला लावली. तिच्याकडे पाठ करून, गुडघ्यांत वाकून मी पट्टे चढवले आणि पायांच्या जोरावर उभी राहिले. कमरेला हिसका बसला नाही. मग भरायचं कसं तेही सांगितलं. जड जिन्नस पाठीला चिकटून, हलकं बाहेरच्या बाजूला. ओझं पाठीपासून जितकं लांब, तितकं ते माणसाला मागं ओढतं. चढावर पाऊल लहान टाकायचं, श्वास तुटू द्यायचा नाही, बोलता येईल एवढ्याच वेगानं चालायचं. ट्रेकिंगच्या शिबिरांत हेच शिकवतात. अब्बा ते पोत्याखाली शिकले होते.

सॅकचा कमरपट्टा त्यांनी बराच वेळ हातात धरून पाहिला. हा पट्टा नीट आवळला की वजनाचा मोठा भाग खांद्यांवरून कमरेच्या हाडांवर उतरतो, असं मी सांगितलं. ते म्हणाले, "ये अच्छी चीज है. हमको किसी ने दी नै." मी त्यांच्या मानेखाली वाकलेल्या पाठीकडे पाहिलं. काही बोलले नाही.

ऑक्टोबरपासून बाटल्यांच्या जागी तांदूळ आले. कारण खरी परीक्षा उतारावर असते. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच भार तोलतात. त्यामुळे दुखणं त्या दिवशी नाही, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी येतं. हाच उतार आधी थोडा थोडा सोसलेला असला, तर पुढच्या वेळी दुखणं कमी होतं. आमच्या चौथ्या दिवशी सह्याद्रीच्या माथ्यावरून सिंगापूरच्या नाळेनं थेट कोकणात उतरायचं होतं, म्हणून भरल्या सॅकनंच उतरायची सवय करून घेतली.

दोन रविवारी त्याच खाला अब्बांजवळ बसल्या, तेव्हा आतकरवाडीहून सिंहगड करून आले. एका शनिवारी कात्रज ते सिंहगड ही टेकड्यांची रांग चालले आणि दुसऱ्याच दिवशी, पाय नको म्हणत असताना, पुन्हा तळजाईला गेले. लांबच्या वाटेवर पहिल्या दिवशी सगळेच चालतात. दुसऱ्या दिवशी उठून तेच ओझं पुन्हा पाठीवर घ्यायचं, त्याचा सराव वेगळा करावा लागतो.

डिसेंबरमध्ये बहीण सोलापूरहून येऊन घरी राहिली आणि मी गेले. राजगडाच्या संजीवनी माचीवरून तोरण्याकडे जाणारी धार, मोहरीचा मुक्काम, नाळेतले दगडधोंडे, सगळं पायांनी निभावलं. पाठीवर दहा किलो होतं.

परतल्यावर अब्बांनी आधी वजन विचारलं. "दस किलो!" म्हणून हसले. मग विचारलं, "पैसा कितना मिला?"

"पैसा कैसा, अब्बा? उलटा खर्चा हुआ."

"फिर भी खुशी है?"

"है."

मी पुढे म्हणाले, की चालताना सारखे तुम्हीच आठवत होता, आता तुमचं काम थोडं कळलं. त्यांनी मान हलवली. "नै बेटा. तेरा बोझा तू जब चाहे उतार सकती. हमारा वैसा नै था."

त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजूनही नाही. त्यांचं कसब माझ्या पाठीला कळलं. त्यांची सक्ती कळली असं म्हणायचा हक्क मला नाही. पण मिळालेली ताकद सोडून द्यावी असंही वाटत नाही. काही आठवडे स्वस्थ बसलं की ती ओसरू लागते. म्हणून अजूनही आठवड्यातून तीन दिवस अर्धं ओझं घेऊन पर्वतीवर जाते. निघताना सॅक खुर्चीवर ठेवते, गुडघ्यांत वाकते. अब्बा पलंगावरून बघत असतात. पट्टा सैल असला तर सांगतात.