तिखटाचं माप

एप्रिल-मे महिन्यात घाटकोपरच्या असल्फा भागात मसाला कांडपाची गिरणी शोधावी लागत नाही. आधी ठसका लागतो, मग पाटी दिसते. यंदा अम्मीसोबत मीही गेले. रंगाला ब्याडगी, चवीला संकेश्वरी, तिखटाला लवंगी, हा तिचा वर्षानुवर्षांचा हिशेब.

रांगेत उभ्या उभ्या मी तिला सांगितलं, की अमेरिकेतल्या विल्बर स्कोव्हिल यांनी १९१२ मध्ये तिखट मोजलं, तेही जिभेनेच. मिरचीचा अर्क साखरेच्या पाण्यात पातळ करत जायचा, चाखणाऱ्यांना तिखट लागेनासं होईपर्यंत. जितकं जास्त पाणी, तितका मोठा आकडा. आता यंत्र मिरचीतलं कॅप्सेसिन मोजतं. आसामकडच्या भूत जोलोकियाचा आकडा दहा लाखांवर गेला, म्हणून २००७ मध्ये तिची गिनीज बुकात नोंद झाली.

अम्मीने ऐकून घेतलं. मग डब्यातली लवंगी मूठ-मूठ काढून पिशवीत परत टाकली. अब्बांच्या पोटाच्या दुखण्यानंतरचा हा पहिलाच मसाला.

"बेटा, मिरची किती तिखट ते नंतर. खाणारा कोण, ते आधी बघायचं."

रात्री अब्बांनी कालवण-भाकर खाल्ली. मध्येच पाणी मागितलं नाही. अम्मीचं माप बरोबर निघालं.