पाखोमची जमीन आणि आमची

लिओ टॉलस्टॉय यांची ‘माणसाला किती जमीन लागते?’ ही कथा १८८६ साली प्रसिद्ध झाली. जेम्स जॉइससारख्या चोखंदळ लेखकाने आपल्या मुलीला लिहिलेल्या पत्रात तिला जागतिक साहित्यातील सर्वश्रेष्ठ कथा म्हटले. वसतिगृहाच्या व्हरांड्यात सरांनी ती आम्हांला वाचून दाखविली, तेव्हा जॉइस कोण हे आम्हांला ठाऊक नव्हते. पाखोम मात्र लगेच ओळखीचा वाटला.

पाखोम हा साधा शेतकरी. पुरेशी जमीन असती तर आपण सैतानालाही भ्यालो नसतो, असे तो मनाशी म्हणतो आणि चुलीमागे बसलेला सैतान ते ऐकतो. आधी शेजारच्या जमीनदारणीची जमीन, मग व्होल्गापलीकडची, आणि अखेर बाश्कीर लोकांची. तिथला भाव एकच : दिवसाला हजार रूबल. दिवसभरात जेवढ्या जमिनीला फेरा घालाल तेवढी तुमची. मात्र सूर्यास्तापूर्वी निघाल्या जागी परत यायचे, नाहीतर पैसे बुडाले. पाखोम धावत धावत पोहोचतो आणि तिथेच कोसळून मरतो. त्याचा गडी फावडे उचलतो आणि त्याला पुरण्यापुरता खड्डा खणतो.

हाव वाईट, हे तात्पर्य सरांनी सांगितले नाही. आम्हीच ते पटकन सांगून टाकले. तेव्हा उरणकडचा एक वर्गमित्र म्हणाला, “सर, पाखोमनं जमीन मागितली तरी. आमची न विचारताच गेली.” व्हरांड्यात शांतता पसरली. सिडकोची स्थापना १९७० सालची; नव्या शहरासाठी ९५ गावांच्या जमिनी संपादित झाल्या. जानेवारी १९८४ मध्ये जासई-दास्तान परिसरात दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबाराला पाच शेतकरी बळी पडले. पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना आली ती या लढ्यातून. ज्या घरात हे सारे घडून गेले, तिथल्या मुलाला अतिलोभाचा उपदेश कसा करावा?

माझी अडचण निराळी होती. वडील वाशीच्या कांदा-बटाटा बाजारात माथाडी. गावी आमच्या नावाचा सातबारा कधी नव्हताच. दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली १९५९ साली आणि पुन्हा १९६४ साली भूमिहीनांचे सत्याग्रह झाले, पडीक जमीन कसायला द्या म्हणून हजारो माणसे तुरुंगात गेली, हे आम्ही घरी ऐकलेले. त्या सत्याग्रहींना पाखोमची गोष्ट सांगितली असती तर ते काय म्हणाले असते, असे मी सरांना विचारले.

सरांनी उत्तर दिले नाही. आठवड्याभराने त्यांनी चेखव्हची ‘गूजबेरी’ ही १८९८ सालची कथा हाती दिली. त्यातील इव्हान इव्हानिच टॉलस्टॉयच्या त्या मापावरच हरकत घेतो. ते माप प्रेताचे आहे, जिवंत माणसाचे नव्हे, असा त्याचा रोख. टॉलस्टॉय हे यास्नाया पोल्यानाच्या मोठ्या जहागिरीचे धनी. चेखव्हच्या आजोबांनी १८४१ साली पैसे भरून कुटुंबाची भूदास्यातून सुटका करून घेतलेली. दोघांनी एकाच शेताकडे दोन बांधांवरून पाहिले, असे मला वाटते. (चेखव्हही जमिनीच्या ध्यासाला गोंजारत नाही, इव्हानचा भाऊ शेतवाडी मिळताच कसा सुस्त आणि ढोंगी होतो, हे वाचण्यासारखे आहे.)

टॉलस्टॉयची कथा टिकली ती तिच्या उपदेशामुळे, असे मी मानत नाही. तिच्यातील मोजणी इतकी खरी आहे की प्रत्येकजण आपली जमीन घेऊन तिच्यात शिरतो आणि लेखकाशी भांडू लागतो. जवस पिकवायला चांगली दिसते म्हणून एक ओलसर सखल जागा पाखोम आपल्या फेऱ्यात घेतो. तिथे मला आजही त्याचा राग येत नाही. कोणत्या शेतकऱ्याने ती सोडली असती?

सुट्टीत ही गोष्ट मी वडिलांना सांगितली. पाठीवरून दिवसभर गोणी वाहिलेला माणूस, ऐकता ऐकता झोपेल असे वाटले होते. पण ते शेवटपर्यंत जागे राहिले आणि म्हणाले, “दिवस बुडायच्या आत पोचला म्हणतोस ना? मग ती जमीन त्याच्या बायकोला मिळाली का?”

मी पुस्तक पुन्हा उघडून पाहिले. टॉलस्टॉयने ते लिहिलेले नाही.