माझी भिशी आणि भाऊजींचा पियानो

भिशी लागली की बाईच्या मनात आधी सोनं येतं, मग मिक्सर, मग मुलांची फी. माझा क्रमही तोच होता. पण यंदा माझे 65 हजार रुपये एका वाद्यात गेले, आणि त्याची हकीकत मैत्रिणींना सांगावीशी वाटते.

आमचे धाकटे भाऊजी ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवतात. लग्नसराई सरली की देवगावात बसून राहायचं! आता त्यांच्या मंडळींनी सत्तरीतल्या गाण्यांचा कार्यक्रम बसवला आहे. पण त्यांच्या जुन्या कीबोर्डवर त्या काळचा इलेक्ट्रिक पियानो लावला, की सायकलची घंटी वाजल्यासारखी वाटे. "वहिनी, तुम्ही चला. दुकानदार मला इंग्रजीत गुंडाळतो," म्हणाले. मी बी.ए., शाळेत अर्धवेळ शिकवते. पण पियानोतलं मला काय कळतं? तरी पैसे माझे होते, तेव्हा समजून घ्यायला बसले.

हे जुने पियानो मुळात दोन. ऱ्होड्समध्ये हातोडी एका बारीक पोलादी काडीवर बसते आणि शेजारचं लोहचुंबकाचं वेटोळं तिची थरथर टिपतं. वुर्लिट्झरमध्ये हातोडी पोलादी पट्टीवर बसते. स्वरपट्ट्या आपल्या पेटीतही असतातच की! फक्त तिथे त्या वाऱ्यानं बोलतात आणि इथे मारानं. हॅरॉल्ड ऱ्होड्स या गृहस्थांनी दुसऱ्या महायुद्धात विमानाच्या टाकाऊ नळ्यांपासून, खाटेवर पडलेल्या जखमी सैनिकांना मांडीवर घेऊन वाजवता येईल असा लहानसा पियानो केला होता. त्याचंच पुढे हे वीजवाद्य झालं. वुर्लिट्झर रे चार्ल्स यांच्या 1959 सालच्या गाण्यानं गाजला. पण 73 पट्ट्यांचा ऱ्होड्स पन्नास किलोंच्या वर भरतो. त्यात 1983 मध्ये यामाहाचा डीएक्स-7 आला आणि ही जड धुडं मागे पडली. आता स्टेज कीबोर्डात त्यांचे आवाज भरलेले मिळतात, निवड करायची ती त्यांतून.

सासूबाईंना हे पसंत नव्हतं. "घरात पेटी असताना गोऱ्यांचा डबा कशाला?" मी म्हटलं, "अहो आई, पेटीसुद्धा परदेशातूनच आलेली. आकाशवाणीनं तिला 1940 पासून 1971 पर्यंत बंदी घातली होती, माहीत आहे?" त्यावर त्या गप्प बसल्या, पटलं असं मात्र नाही.

संभाजीनगरच्या दुकानात आम्ही तीन तास होतो. भाऊजींना मी एकच पट्टी आधी हळू, मग मध्यम, मग जोरात वाजवायला लावली. नुसता आवाज मोठा होऊन उपयोगी नाही, त्याचा पोत बदलायला हवा. ऱ्होड्स हळू वाजवला तर मंदिरातल्या लहान घंटेसारखा, जोरात वाजवला तर जरा गुरगुरतो. एका झगमगीत कीबोर्डनं तिन्ही वेळा तेच सूर दिले, फक्त कमीजास्त मोठ्यानं. तो बाजूला काढला. मग पेडल दाबून एकावर एक सूर चढवत नेले. पहिले सूर मध्येच तुटतात का ते कळतं. खालचे सूर एकमेकांत चिखल होतात का, तेही ऐकलं.

एक गोष्ट मात्र दुकानदारानं नव्हे, भाऊजींच्या साउंडवाल्यानं सांगितली, आणि ती मला सगळ्यांत मोलाची वाटते. ऱ्होड्सचा आवाज डावीकडून उजवीकडे झुलतो, हेडफोनवर तो फार गोड लागतो. पण मंडपातले भोंगे बहुतेक एकाच तारेवर चालतात. तिथे दोन्ही बाजू एकत्र झाल्या की झुलणं संपतं. त्याऐवजी आवाज जागच्या जागी कमीजास्त होणारा वुर्लिट्झरचा कंप मंडपात टिकतो. म्हणून आम्ही दुकानातल्या एकाच स्पीकरवर पुन्हा सगळं ऐकलं. दुकानदार कंटाळला, कंटाळू दे.

खरी पंचाईत निराळीच होती. लग्नाच्या कामाला ताल, ठेका, आपोआप वाजणारी साथ असलेला कीबोर्ड लागतो, आणि स्टेज पियानोत तो ठेका सहसा नसतो. नव्या वाद्यापायी जुना विकला असता, तर चालू कमाईला कात्री लागली असती. यांचं म्हणणं, विकून टाकू. मी नाही म्हटलं. जुना ठेवला, आणि दुसऱ्या हाताचा 73 पट्ट्यांचा स्टेज पियानो घेतला. 88 पट्ट्यांचा मोटारसायकलवर कोण नेणार? अगदी जड पट्ट्याही टाळल्या. पेटीवर तयार झालेली बोटं तासाभरात दुखतात. पट्टी बदलायचं बटण आहे ना, तेवढं नक्की बघितलं, कारण त्यांची गायिका काळी चारशिवाय गात नाही.

घरी आल्यावर जुन्या इरकलीचं दुपदरी कव्हर शिवलं. आमच्याकडची धूळ उन्हाळ्यात कुठेही शिरते! वीज कमीजास्त होते म्हणून स्टॅबिलायझर जोडला, आणि कापडानं कोरडंच पुसायचं असं मुलांना बजावलं.

पैशांचा करार आधीच वहीत लिहून ठेवला होता. दर कार्यक्रमामागे 2 हजार माझ्या हातात. आतापर्यंत 3 कार्यक्रम झाले, 6 हजार परत आले. चौथा पुढच्या शनिवारी वैजापूरला आहे. सासूबाई म्हणतात, त्यांनाही यायचं आहे.