वारणेपासून वेण्णेपर्यंत

सांगलीहून साताऱ्यास जाणारा रस्ता माझ्या पायाखालचा आहे. बँकेच्या नोकरीत शाखा-तपासणीच्या निमित्ताने पेठ नाका, कराड, उंब्रज असे टप्पे घेत मी तो कित्येकदा तुडविला. परंतु तेव्हा दृष्टी रस्त्यावर नसून मांडीवरील फायलींवर असे. गेल्या कार्तिकात मात्र मी त्या वाटेने निघालो तो केवळ पाहण्यासाठी. बरोबर सौभाग्यवती होती, आणि गाडी चालविण्यास पुतण्याची मुलगी. ती सी.ए.च्या शेवटच्या परीक्षेच्या तयारीत आहे.

निमित्त घरगुती होते. पुतण्या आमची पेढी सांभाळतो. कराडकडील एका व्यापारी घराशी त्याची भागीदारी ठरत आहे. पाडव्याच्या वहीपूजनानंतर त्या घराकडून निरोप आला, की व्यवहार जुळतोच आहे तर सोयरीकही जुळवावी. त्यांच्या मुलास आमची मुलगी, आणि त्यांची मुलगी आमच्या मुलास. घरात सर्वांना आनंद झाला. माझा शब्द अखेरचा मानण्याची आमच्याकडे रीत आहे. पुतण्या म्हणाला, "आण्णा, तुम्ही सांगाल ते." मी आठ दिवसांची मुदत मागून घेतली. मुदत कशासाठी, हे त्या वेळी मलाही नेमके सांगता आले नसते.

निघण्यापूर्वी आम्ही हरिपुरास जाऊन आलो. तेथे वारणा कृष्णेला मिळते. आमच्या वडिलांच्या काळी हरिपूरच्या जमिनीतील पेवांत हळद साठविली जाई. पेवातील हळद वर्षानुवर्षे टिकते, म्हणून व्यापारी भावाची वाट पाहत बसू शके. २००५ च्या महापुरात यांपैकी बहुतेक पेवांची हानी झाली. या वारणेला आणखी एक इतिहास आहे. १७३१ मध्ये साताऱ्याचे शाहू महाराज आणि कोल्हापूरचे दुसरे संभाजीराजे या चुलत भावांत तह झाला, आणि वारणा ही दोन राज्यांमधील सीमा ठरली. भोसल्यांचे घर येथे कायमचे विभागले गेले. नकाशावर सहज न दिसणारी ही नदी आमच्याही घराची सीमा होऊन गेली आहे. पण ते पुढे.

कराड ओलांडल्यावर महामार्गापासून थोडे आत, वसंतगडाच्या पायथ्याशी, तळबीड आहे. सरसेनापती हंबीरराव मोहिते यांचे हे गाव. हंबीररावांची बहीण सोयराबाई ही शिवाजी महाराजांची राणी, आणि त्यांची कन्या ताराबाई ही सोयराबाईंची सून. म्हणजे राजाराम महाराजांनी मामाची मुलगी केली. दोन पिढ्यांचे हे नाते वरवर पाहता पक्क्या गाठीसारखे वाटते. परंतु १६८० च्या एप्रिलमध्ये महाराज निवर्तले, सोयराबाईंनी व काही प्रधानांनी रायगडावर बाल राजारामास गादीवर बसविले, आणि त्या वेळी सख्खा भाऊ हंबीरराव बहिणीच्या बाजूस उभा राहिला नाही. तो पन्हाळ्यावर संभाजीराजांना जाऊन मिळाला. राज्याच्या दृष्टीने त्याने योग्यच केले असे इतिहासकार म्हणतात आणि मलाही तसेच वाटते. तरीही तळबीडच्या वेशीत उभे असताना माझ्या मनात आले ते सोयराबाईंचे त्या दिवसांतील दिवाळीचे माहेरपण.

फलटणचे उदाहरण याच्या उलट, म्हणून मनाला बरे वाटणारे. निंबाळकरांची लेक उमाबाई ही मालोजीराजांची पत्नी, निंबाळकरांचीच लेक सईबाई ही शिवाजी महाराजांची पहिली राणी, आणि महाराजांची कन्या सखुबाई पुन्हा निंबाळकरांकडे, महादजींना दिली. महादजींचे वडील बजाजी यांना विजापूरच्या दरबारात सक्तीने धर्मांतर करावे लागले होते. ते स्वधर्मात परत आल्यावर समाजाने त्यांना मनापासून स्वीकारावे म्हणून ही सोयरीक केली गेली, असे सांगतात. बँकेच्या भाषेत बोलायचे तर महाराजांनी आपली मुलगी देऊन बजाजींची पत उभी केली. त्या वेळी सखुबाई लहान होत्या.

राजघराण्यांतील विवाह हा करार असतो, ही गोष्ट जगात कोठेही लपून राहिलेली नाही. आपल्या मुंबईचेच पाहा. १६६१ च्या करारानुसार पोर्तुगालची राजकन्या कॅथरीन इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सला दिली गेली, आणि वरदक्षिणेत टँजिअर व मुंबई बेट आले. रोख रकमेची पूर्तता पोर्तुगीजांना जड गेली, तेव्हा काही भाग साखर, इतर माल आणि हुंड्या यांच्या रूपाने देण्यात आला. आपल्या व्यापारी वाचकांना ही अडचण समजेल. पुढे १६६८ मध्ये राजाने मुंबई ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाला दहा पौंड भाड्याने देऊन टाकली. वरदक्षिणेचा असा निकाल लागला. कॅथरीनला मात्र मूल झाले नाही, आणि पतीच्या इतर स्त्रिया दरबारात डोळ्यांपुढे पाहत तिने संसार केला.

युरोपातील राजकन्या दूर जात. १७७० मध्ये ऑस्ट्रियाची चौदा वर्षांची मारी आंत्वानेत फ्रान्सला गेली, तेव्हा ऱ्हाइन नदीतील एका बेटावर तिला फ्रेंचांच्या स्वाधीन करण्यात आले आणि माहेरची वस्त्रे उतरवून फ्रेंच वस्त्रे नेसविण्यात आली. तेथेही सीमा नदीचीच. बावीस वर्षांनी सासर आणि माहेर यांत युद्ध पेटले, आणि माहेरास बातम्या पुरविल्याचा आरोप तिच्यावर आला. १७९३ मध्ये तिचा शिरच्छेद झाला. व्हिक्टोरिया राणीच्या मुलींचेही तेच. १८६६ च्या लढाईत थोरलीचे सासर प्रशिया एका बाजूस, आणि धाकट्या अ‍ॅलिसचे सासर हेसे दुसऱ्या बाजूस.

पूर्वी मला वाटे, की हे दुःख अंतराचे आहे. परका देश, परकी भाषा, महिनोन्‌महिने न येणारी पत्रे. आपल्याकडे लेक एका दिवसाच्या घोडदौडीच्या पलीकडे देत नसत. सासरच्या गच्चीवरून माहेरचा डोंगर दिसावा इतके जवळ. म्हणून आपल्या लेकी सुखी, असे माझे साधे गणित होते. ते गणित साताऱ्यात चुकले.

साताऱ्यापासून पूर्वेस चार-पाच किलोमीटरांवर माहुली आहे. येथे वेण्णा कृष्णेस मिळते. संगमावर १७३५ मध्ये श्रीपतराव पंतप्रतिनिधींनी बांधलेले विश्वेश्वराचे मंदिर आहे, समोरच्या तीरावर रामेश्वर आहे, आणि न्यायनिष्ठेसाठी प्रसिद्ध असलेले रामशास्त्री प्रभुणे याच गावचे. साताऱ्याच्या राजघराण्याची ही स्मशानभूमी. शाहू महाराजांच्या आवडत्या कुत्र्याचीही समाधी येथे दाखवितात. ती लोकांना चटकन सापडते. येसूबाई आणि ताराबाई यांच्या समाध्या मात्र आम्हाला विचारत विचारत शोधाव्या लागल्या.

येसूबाई शृंगारपूरच्या पिलाजी शिर्क्यांची कन्या. हे लग्न साटेलोट्याचे. येसूबाई संभाजीराजांना दिल्या, आणि महाराजांची कन्या राजकुंवर येसूबाईंचे बंधू गणोजी यांना. कोकणातील एक बळकट घराणे दोन्ही बाजूंनी बांधून घेतले गेले. पुढे वतनाचा प्रश्न निघाला. महाराज वतने देण्याच्या विरुद्ध होते, शिर्क्यांना वतन हवे होते, आणि संभाजीराजांच्या काळात हे घराणे मोगलांकडे गेले. संभाजीराजांच्या कैदेविषयी जी कथा सांगितली जाते तिच्या खरेखोटेपणात मी शिरत नाही. तो वाद जाणकारांचा आहे. मला एवढेच दिसते, की भाऊ शत्रूच्या छावणीत असताना येसूबाई रायगडावर होत्या, आणि राजकुंवर शिर्क्यांच्या घरात होत्या. प्रत्येकीचा भाऊ दुसरीच्या नवऱ्याचा वैरी. येसूबाईंचे नाव इतिहासात राहिले. राजकुंवरबाईंना त्या वर्षांत काय वाटले असेल, हे कोणी लिहून ठेवलेले नाही.

मार्च १६८९ मध्ये संभाजीराजांचा वध झाला. रायगडाला वेढा पडला असताना येसूबाईंनी स्वतःच्या मुलाचा हक्क बाजूस ठेवून दीर राजारामास पुढे केले आणि गडाबाहेर काढले. त्याच वर्षी रायगड पडला, आणि त्या सात वर्षांच्या शाहूसह कैद झाल्या. औरंगजेबाच्या मृत्यूनंतर १७०७ मध्ये शाहू सुटले. आई ओलीस राहिली. कर्जदार हप्ते भरीत राहावा म्हणून तारण ठेवून घ्यावे, तसे. पुढे करार झाला तो दक्षिणेच्या सहा सुभ्यांच्या चौथाई-सरदेशमुखीचा. त्याबदल्यात शाहूंनी पंधरा हजार स्वार बादशाहीच्या सेवेस ठेवावेत आणि दहा लाखांची पेशकश द्यावी. त्याच कराराच्या बळावर बाळाजी विश्वनाथ १७१९ मध्ये दिल्लीहून सनदा आणि येसूबाई यांना घेऊन परतले. तीस वर्षांनी. आयुष्यभर मी तारणाची कागदपत्रे तपासली. इतक्या दीर्घ मुदतीचे तारण माझ्या पाहण्यात नाही.

ताराबाईंची गोष्ट येथे विस्ताराने सांगत नाही. पतीच्या मागे सात वर्षे औरंगजेबाशी झुंजलेली ती स्त्री नंतर पुतण्याशी झगडली, सवतीकडून पन्हाळ्यावर कैद झाली, वारणेच्या तहानंतर साताऱ्यास आली, आणि पुन्हा राज्यकारभारात उतरून पानिपतच्या वर्षात, १७६१ च्या डिसेंबरात, वारली. येसूबाई आणि त्या एकाच घरातील जावा. एकीने राज्य दुसरीच्या पतीच्या हाती दिले, आणि दुसरी पहिलीच्या मुलाशी लढली. दोघी आता एका संगमावर आहेत.

घाटाच्या पायरीवर आम्ही बराच वेळ बसलो. तेथे मला माझी आत्या आठवली.

आत्या वारणेपलीकडे दिली होती. अंतर बारा-तेरा मैल. तिची नणंद आमच्या काकांना केली. आमची काकू तीच. दोन्ही घरांचा हळदीचा व्यापार एकत्र. पुढे एका वर्षी पेव उघडले तेव्हा माल किती निघाला यावरून वाद झाला, हिशेबाच्या वह्या दोन्हीकडच्या जुळेनात, आणि भागी मोडली. आत्या नऊ वर्षे माहेरी आली नाही. तिकडून पाठविले नाही आणि इकडून कोणी आणावयास गेले नाही. काकूही नऊ वर्षे गेली नाही. ती आमच्याच स्वयंपाकघरात वावरत होती, सर्वांना वाढत होती, आणि तिच्या भावाला आमच्या घरात चोर म्हटले जात होते ते ऐकत होती. आजी दर दिवाळीला आत्यासाठी एक लुगडे घेऊन ट्रंकेत ठेवी. आत्या आली ती आजीच्या मरणाला. नऊ लुगडी बाहेर काढली तेव्हा जुनी घड्यांवर विरली होती. त्या हिशेबात चूक कोणाची होती, हे मी बँकेत लागल्यावर जुन्या वह्या काढून पाहिले. ती आमची होती. वडिलांना मी ते सांगितले नाही, आत्यालाही नाही.

हे मी त्या पायरीवर प्रथमच मोठ्याने सांगितले. सौभाग्यवती गप्प होती. मुलीने थोड्या वेळाने एवढेच विचारले, "आण्णाआजोबा, काकूआजी कधी भांडल्या नाहीत?"

"नाही," मी म्हणालो. "तिला कोणी विचारले नव्हते."

परतीच्या वाटेवर उंब्रजच्या अलीकडे मी पुतण्याला फोन लावला. भागीदारीचा करार वकिलाकडून लिहून घ्यावा, हिशेब तपासनीस दोघांना मान्य असा बाहेरचा असावा, आणि मोडावयाची वेळ आली तर कसे मोडावयाचे याचे कलम पहिल्या पानावर घालावे, असे सांगितले. सोयरिकीचे बोलणे त्यानंतर किमान दोन दिवाळ्या काढू नये. तेव्हाही मुलीला आणि त्यांच्या मुलीला निरनिराळे बसवून विचारावे, आणि दोन्ही लग्ने एकदम ठरवू नयेत.

तो काही क्षण बोलला नाही. "ते लोक दुखावतील, आण्णा."

"आता दुखावू देत."

"बरं," तो म्हणाला. मग विचारले, की कोठवर आलात. दिवे लागणीच्या आत पोहोचाल ना, पाने घ्यायची थांबवून ठेवली आहेत.