आबांच्या चाळीतला कोंब

बालमित्रांनो, नाशिक रोडहून मनमाडकडे जाणाऱ्या गाडीत बसलात, की निफाडनंतर लासलगाव लागते. स्टेशन तसे छोटेच, पण गावाचे नाव साऱ्या देशाला ठाऊक! कारण इथला कांदा बाजार. सकाळी बाजार समितीच्या आवारात शिरा, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांची ही लांब रांग! व्यापारी एका ट्रॉलीवरून दुसरीकडे सरकतात, मूठभर कांदे हातात घेऊन पाहतात आणि लिलाव पुकारला जातो.

पण आज मी तुम्हाला जवळच्याच एका मळ्यात नेणार आहे. सप्टेंबरचे दिवस होते. माझ्या मैत्रिणीचे वडील, म्हणजे आबा, कांदाचाळीत उभे होते. चाळ म्हणजे मुंबईची राहायची चाळ नव्हे हं! जमिनीपासून थोडा उचललेला, वर पत्रे आणि बाजूंना फटी असलेला लांबलचक सांगाडा. आत वारा खेळता राहतो. एप्रिलमध्ये काढलेला उन्हाळ कांदा यात भरायचा आणि बरा भाव येईपर्यंत जपायचा.

आबांनी एक कांदा माझ्या हातावर ठेवला. शेंड्यातून हिरवागार कोंब डोकावत होता.

"किती छान!" मी म्हणाले.

"छान कसलं, पोरी! कोंबानं आतलं सगळं ओढून घेतलं. हा आता कोण घेणार? रोज अशा पाट्या निघतायत. आमची दिवाळी या चाळीवर आहे."

मला माझ्याच बोलण्याची लाज वाटली.

आबांचा नातू आठवीत आहे. सायकलवरून पडल्यामुळे त्याच्या गुडघ्यावर खपली होती. त्याने विचारले, "आत्या, माती नाही, पाणी नाही, मग हा वाढतो कसा?"

आम्ही तो कांदा उभा चिरला. तळाशी मुळ्यांची चकती असते ना, तेच कांद्याचे खरे खोड. जाड पापुद्रे म्हणजे पानांचे फुगलेले बुडखे. त्यांत अन्न आणि पाणी साठवलेले असते. मधोमध कोवळा अंकुर. काढणीनंतर तो काही महिने झोपून राहतो. जाग आली, की साठा वापरून कामाला लागतो. काम एकच : एका पेशीच्या दोन करायच्या!

आता नीट ऐका. कांद्याच्या पेशीच्या केंद्रकात 16 गुणसूत्रे असतात. ती कोणती पेशी कशी घडवायची याच्या सूचनांची जणू वहीच. पेशी मधून नुसती कापली, तर प्रत्येकीला अर्धीच वही मिळेल. म्हणून आधी प्रत्येक गुणसूत्राची हुबेहूब नक्कल तयार होते. मूळ आणि नक्कल चिकटूनच राहतात. मग ही सूत्रे गुंडाळून आखूड व जाड होतात आणि केंद्रकाचे आवरण विरते. ही पूर्वावस्था. मध्यावस्थेत सगळ्या जोड्या, कवायतीला उभ्या राहाव्यात तशा, पेशीच्या मध्यभागी रांग धरतात. दोन्ही टोकांकडून आलेले बारीक तंतू त्यांना धरतात. पश्चावस्थेत जोड्या सुटतात; एक इकडे, एक तिकडे. अंत्यावस्थेत दोन्ही बाजूंना नवी केंद्रके तयार होतात. मग मध्ये भिंत उभी राहते आणि झाल्या दोन पेशी! दोघींत 16-16 गुणसूत्रे, एकही कमी नाही. नव्या पेशी लांबतात आणि कोंब वर सरकतो.

याला सूत्री विभाजन म्हणतात. जर्मन शास्त्रज्ञ वाल्टर फ्लेमिंग यांनी सॅलमँडरच्या पिलांच्या पेशींत हे पाहिले आणि 1882 साली 'मायटोसिस' हे नाव दिले. ग्रीक भाषेत 'मिटोस' म्हणजे धागा, आपले सूत्रच की!

"तुझ्या खपलीखाली हेच चाललंय," मी म्हणाले. "तिथल्या पेशींत गुणसूत्रं 46, पण रीत हीच."

"म्हणजे माझा गुडघा बरा होतो तसाच आबांचा कांदा वाया जातो?"

आबा हसले खरे, पण प्रश्न खोटा नव्हता.

यावर उपाय नाही का? आहे. भाभा अणुसंशोधन केंद्राने 2002 साली लासलगावातच 'कृषक' नावाचे केंद्र उभारले. कोबाल्ट-60 मधून निघणाऱ्या गॅमा किरणांची हलकी मात्रा कांद्याला द्यायची. अंकुराच्या पेशींतल्या सूचनांची वहीच फाटते, विभाजन थांबते, कोंब फुटत नाही. कांदा मात्र किरणोत्सारी होत नाही. पण हे काढणीनंतर लवकर करावे लागते. कोंब आल्यावर उपयोग नाही. शिवाय कांदा सडू नये म्हणून चाळीतला वारा आणि निवड हवीच.

निघताना पाहिले, तर आबांनी काही गोल, घट्ट कांदे वेगळे ठेवले होते. "हे नोव्हेंबरात लावायचे. डेंगळे येतील, त्यातून उळं, म्हणजे कांद्याचं बी. यांना कोंब फुटलाच पाहिजे!" ज्या कोंबाने चाळ रिकामी होते, त्याच कोंबातून पुढच्या वर्षीचा कांदा येतो.

मुलांनो, तुम्हीही एक कांदा पाण्याने भरलेल्या पेल्याच्या तोंडावर बसवा. फक्त बूड पाण्याला टेकू द्या. काही दिवसांत पांढरी मुळे सुटतील. त्यांची टोके शाळेत न्या आणि बाईंना किंवा सरांना सूक्ष्मदर्शकाखाली दाखवायला सांगा. रंग दिल्यावर ती सूत्रे रांगेत उभी राहिलेली दिसली, की आबांच्या चाळीची आठवण काढा!